बरोबर कोण आलंय?

फिजोआ झाडावरून तोडायचा नसतो. ऑकलंडला नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे सांगावे लागते, आणि सांगूनही तो एकदा तोडतोच. आपल्याकडे फळ रंगावरून ओळखतात. हे फळ कच्चे असताना हिरवे असते आणि पिकले तरी हिरवेच राहते. बाहेरून काही म्हणून कळू देत नाही. ते आपण होऊन गवतावर पडले की उचलायचे, मधोमध कापायचे आणि चमच्याने कोरून खायचे. वास पेरूचा, आंबटपणा अननसाचा, आणि मागाहून जिभेवर रेंगाळते ते सांधेदुखीच्या मलमाची आठवण करून देणारे काहीतरी. पहिल्या वर्षी कोणालाच आवडत नाही. दुसऱ्या वर्षी माणूस मार्चपासूनच शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघू लागतो.

एप्रिल आला आहे. आमच्या हिल्सबरोच्या उतारावर फाटकाफाटकाशी पिशव्या दिसू लागल्या आहेत आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले आहे: हवे तितके न्या. खाली मानुकाऊची खाडी ओहोटीला उघडी पडते, करडा चिखल दुपारच्या उन्हात चकाकतो आणि वाऱ्याबरोबर खारट वास वर येतो. या ऋतूला इथे शरद म्हणतात. हा शब्द आमच्याकडे चांदण्याचा. इथे तो पडणाऱ्या फळांचा आहे.

यंदा पिशव्यांबरोबर आमच्या मराठी मंडळाचा अंकही दारात येऊन पडला. त्यात माझा मित्र अनंत याच्यावर लेख आहे. अनंत जाऊन आता वर्ष होईल. इथे ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुऱ्यात वर्षानुवर्षे डॉक्टरकी केलेला, आपल्या आणि परक्या माणसांना सारख्याच मायेने तपासणारा हा माणूस अशा लेखाला पात्र होता. त्याविषयी माझे भांडण नाही. भांडण आहे ते एका परिच्छेदाशी, कारण तो माझ्याविषयी आहे. त्यात मला ‘त्यागमूर्ती’ म्हटले आहे. नव्वदच्या दशकात अनंताला परीक्षेत यश मिळावे म्हणून त्याच्या या मित्राने स्वतःच्या डॉक्टरकीवर पाणी सोडले, असे लेखकाचे म्हणणे. आणि पुढे: अनंताच्या सत्काराच्या दिवशी हा मित्र व्यासपीठावर मान खाली घालून बसला होता, आणि त्या मौनातच सारी कबुली होती.

मी त्यागमूर्ती नाही. मी कसलीच मूर्ती नाही. माझे गुडघे दुखतात, मूर्तीचे दुखत नाहीत. आणि त्या मौनात कबुली नव्हती. या एका वाक्यासाठी मी लेखणी उचलली आहे. उद्या मी नसेन तेव्हा हाच परिच्छेद माझ्याविषयीच्या लेखात उतरवला जाईल, हे मला पक्के ठाऊक आहे. माणूस मेला की त्याची बाजू मांडायला फक्त त्याचे मित्र उरतात, आणि मित्रांसारखे बेभरवशाचे साक्षीदार नाहीत.

घरातही माझी बाजू कोणी घेत नाही. माझी पत्नी निर्मला म्हणते, तो त्याग वगैरे काही नव्हता, अहंकार होता. आमचा मुलगा समीर लोअर हटला राहतो, रोज आगगाडीने वेलिंग्टनला कामाला जातो आणि जाता-येता वर्तमानपत्रे वाचतो, म्हणून त्याच्या मते माझ्यावर अन्याय झाला; व्यवस्थेने मला चिरडले. मला कोणीही चिरडलेले नाही. त्याग, अहंकार, अन्याय: तीन शब्द, तिन्ही मजबूत, आणि तिन्हींत मी नाही.

ते दिवस असे होते. या देशाने गुण मोजून माणसे बोलावली. पदवीला गुण, वयाला गुण, अनुभवाला गुण. उतरल्यावर कळले की ज्या पदवीने देशाचे दार उघडले, तिने दवाखान्याचे दार उघडत नाही. त्यासाठी नोंदणीची वेगळी परीक्षा. मी कऱ्हाडचा, अनंत नाशिकचा. दोघांचेही तिकडे चालते दवाखाने होते, दोघांचेही केस कानांपाशी पांढरे होऊ लागले होते. एका मुलाखतीच्या रांगेत ओळख झाली आणि महिन्याभरात दोन्ही कुटुंबांनी मिळून हिल्सबरोला एक लाकडी घर भाड्याने घेतले. निर्मला एका डेअरीत उभी राहू लागली. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान. कऱ्हाडला हे पत्राने कळवले तेव्हा माझ्या सासूबाईंनी म्हशी किती आहेत असे विचारले होते. अनंताची बायको शैलावहिनी वृद्धाश्रमात मदतनीस झाली. आणि आम्ही दोन वैद्यराज मागच्या लाकडी पायऱ्यांवर पुस्तके मांडीवर घेऊन, पोरांसारखे घोकत बसू लागलो.

पायऱ्यांपुढे गवत, गवतापलीकडे फिजोआचे दाट कुंपण, आणि कुंपणापलीकडे मार्गरेट. सत्तरीच्या पुढची, विधवा, पायांत जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि अंगात लोकरी जाकीट अशा वेषात बाराही महिने वावरणारी. कुंपणात एक भगदाड होते. त्यातून ती टोपली घेऊन आमच्या बाजूला यायची आणि पडलेली फळे वेचायची. आम्ही काय घोकतो आहोत ते तिने पहिल्या आठवड्यातच विचारून घेतले. रुग्णाला वाईट बातमी कशी सांगायची याची तोंडी परीक्षा असते आणि तिचा सराव करायला रुग्ण नाही, हे कळताच तिने टोपली खाली ठेवली, पायरीवर बसली आणि म्हणाली की रुग्ण व्हायला तिला आवडेल, फक्त चार वाजता तिचा चहा असतो.

तेव्हापासून त्या शरदात अनंत दर दुपारी मार्गरेटला कर्करोग झाल्याचे सांगत असे. ती चमच्याने फिजोआ खात ऐकायची. अनंताला ते जमत नसे. तो हवामानापासून सुरुवात करी, मग तिच्या नातवंडांची चौकशी करी, मग काही गाठी असतात आणि काही गाठी नसतात अशा वळणाने जाई, आणि मूळ शब्दापाशी आला की त्याचे डोळे भरून येत. एकदा तीच त्याचा हात थोपटून म्हणाली, “अरे बाळा, मी मरणार आहे ना? मग सांग की, माझा चहा निवतोय.” शब्द कसाबसा उच्चारल्यावर तर तो आणखी बिघडे. गप्प बसणे त्याला ठाऊकच नव्हते. लगेच पथ्य सांगू लागे: तिखट कमी करा, कोमट पाणी प्या. मार्गरेट गंभीरपणे मान डोलवी.

शिकवणारा मी होतो. एवढा भाग मंडळाच्या अंकात बरोबर आहे. आधी विचार की तिला स्वतःला काय ठाऊक आहे. मग सांग की बातमी चांगली नाही. मग तो शब्द उच्चार, एकदाच, स्पष्ट. आणि मग गप्प बस. ती बोलेपर्यंत बोलू नकोस. हे मी त्याच्याकडून इतक्या वेळा करून घेतले की शेवटी स्वयंपाकघरातून शैलावहिनी ओरडायची, “भाऊजी, आज तरी त्या बाईला जगू द्या.” ती आत फिजोआचे पंचामृत करीत असे, दाण्याचे कूट, चिंच, गूळ, आणि पेरूच्या जागी हे परके फळ. त्या उकळत्या वासात आम्ही मरणाचा अभ्यास केला.

एका दुपारी मार्गरेट गेल्यावर अनंताने विचारले, “भाल्या, तुला पटतं का रे हे?”

“नाही.”

“मग शिकवतोस कशाला?”

“उत्तर हेच आहे म्हणून.”

यात खोटे काही नव्हते. आमच्याकडे डॉक्टर रुग्णाला तपासतो, हात धुतो आणि विचारतो: बरोबर कोण आलंय? महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, हा प्रश्न ऐकू येईल. मग बरोबर आलेला नवरा, भाऊ, जावई उठतो, डॉक्टरच्या मागोमाग व्हरांड्यात जातो, आणि जे असेल ते तिथे सांगितले जाते. इथल्या पुस्तकांत या पद्धतीला लपवाछपवी म्हणतात. रुग्णाचा अधिकार हिरावून घेणे म्हणतात. ज्यांनी ती पुस्तके लिहिली त्यांनी कऱ्हाडचा माझा व्हरांडा पाहिलेला नाही.

हौसाक्काला घेऊन तात्या आले होते. पोटात गाठ, पसरलेली. करण्यासारखे फार उरलेले नव्हते. मी विचारले, बरोबर कोण आलंय, आणि तात्या टोपी हातात घेऊन बाहेर आले. मी सांगितले. तो दणकट शेतकरी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा राहिला, बराच वेळ, मग टोपी घातली, तोंड पुसले आणि आत जाऊन तिला म्हणाला, “चल, औषध दिलंय.” पुढचे काही महिने हौसाक्काने मुलीच्या लग्नाचे पापड लाटले. शेवटी शेवटी मी घरी तपासायला जाई. एकदा तात्या पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, “डाक्टर, तुमी बोलला न्हाईसा ते बरं केलंसा. ह्ये भाईर जाऊन आलं, तवाच मला समजलं. पर मला समजलंय ह्ये त्यांना कळलं असतं, तर त्यांनी ताटावर बसणं सोडलं असतं.”

तिला ठाऊक होते. तात्यांना ठाऊक होते. दोघांनी एकमेकांना सांभाळले आणि लग्न पार पडले. याला लपवाछपवी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी त्याला संसार म्हणतो.

मार्गरेटला मी हौसाक्काची गोष्ट सांगितली होती. ती फळ कोरता कोरता थांबली. तिच्या नवऱ्याच्या वेळी इथलेही डॉक्टर असेच करत, असे ती म्हणाली. जुन्या काळी सगळीकडे तेच चाले. डॉक्टरने तिला सांगितले, नवऱ्याला सांगितले नाही. मग नवरा बायको उन्हाळाभर समोरासमोर बसून पुढच्या वर्षी कुठे फिरायला जायचे याचे बेत करीत राहिले, आणि दोघांनाही ठाऊक होते की ते खोटे आहे. “आमचा शेवटचा उन्हाळा तसाच गेला,” ती म्हणाली. “एकदाही खरं बोललो नाही. मला त्याला पुष्कळ विचारायचं होतं.” एवढे बोलून तिने टोपली उचलली. वयाने मोठ्या विधवेशी अशा विषयावर वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. पटले मात्र नव्हते. आज अर्धे पटले आहे. अर्ध्याहून अधिक पटणार नाही.

परीक्षेच्या दिवशी अनंत सकाळच्या तुकडीत होता, मी दुपारच्या. ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा प्रश्न, कोपऱ्यात परीक्षक. माझ्या त्या खोलीत रुग्णाची भूमिका करणारी मध्यम वयाची बाई होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिच्या नवऱ्याची भूमिका करणारा एक माणूस. टेबलावर चिठ्ठी: तपासणीचा निकाल रुग्णाला सांगा. अख्खा शरद मी हेच शिकवत आलो होतो. वाक्ये तोंडात तयार होती.

मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या दोघांकडे पाहिले. बाई शांत होती, थेट माझ्याकडे बघत होती. तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. तो आपल्या पंजांकडे बघत होता, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या हाताची अंगठी फिरवत होता. नट असेल, किंवा खरोखरच कोणाचा तरी नवरा असेल. मला काय माहीत. पण मी तात्यांना खांब धरून उभे राहताना पाहिलेला डॉक्टर होतो. त्या खोलीत अधिक आजारी कोण आहे ते मला दिसले. त्याला आधी उभे केले नाही तर ही बाई घरी जाऊन कोणाच्या आधाराने निजणार, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्या प्रश्नाला गुण नव्हते.

मी उठलो आणि त्याला म्हणालो, जरा माझ्याबरोबर बाहेर येता का.

तो गोंधळला. त्याला शिकवलेल्यात हे नव्हते. त्याने परीक्षकाकडे पाहिले, परीक्षकाने कागदाकडे. मी दार उघडून उभाच होतो, म्हणून अखेर तो बिचारा आला. बाहेर पुढचा उमेदवार गळपट्टा सारखा करीत भिंतीशी उभा होता. त्याच्यासमोर मी त्या नवऱ्याला सांगितले की तुमच्या पत्नीचा आजार गंभीर आहे, मी आत जाऊन तिलाही सांगणार आहे, पण त्या आधी तुम्ही इथे उभे राहा, हवे तर रडून घ्या, आणि आत याल तेव्हा तिचा हात धरा. घंटा झाली. मला पुन्हा आत जाता आले नाही.

वाचकांनी नीट वाचावे. मी तिला सांगणार होतो. क्रम माझा होता, एवढेच. आमच्याकडे आजार एकट्याला होत नाही, आणि बातमी उचलायला दोन माणसे लागतात. मी दुसऱ्याला आधी बोलावले. हे मी विसरून केले नाही, घाबरून केले नाही, कोणासाठीही केले नाही. अनंताचा पेपर सकाळीच होऊन गेला होता. माझ्या उठण्याने त्याच्या गुणांत एकाचीही भर पडणार नव्हती. मग त्याग कसला? ज्यांना त्याग दिसतो त्यांनी आधी घड्याळ पाहावे.

घरी आल्यावर निर्मलेने विचारले, “तुम्हाला उत्तर येत होतं ना?”

“येत होतं.”

“मग?”

“ते परीक्षेचं उत्तर होतं. माझं नव्हतं.”

ती आत गेली आणि भांडी जरा जोरात घासू लागली. तिच्या बाजूने तेही रास्त होते. डेअरीत उभे राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या.

अनंत उत्तीर्ण झाला, मी झालो नाही. पुन्हा बसता येत होते; मी बसलो नाही. माझ्याइतक्याच लायकीच्या कितीतरी माणसांनी पुन्हा पुन्हा बसून ती परीक्षा काढली, त्यांना मी कमी लेखत नाही. पण पुन्हा बसायचे तर त्या खोलीत पुन्हा जायचे, आणि अंगठी फिरवणाऱ्या माणसाकडे या वेळी बघायचे नाही. ते मला करायचे नव्हते. वर्षभर शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलो. अनंत पापाकुऱ्याला राहायला गेला, आम्ही त्याच लाकडी घरात राहिलो. समारंभात लोक माझी ओळख करून देताना आवाज उतरवून म्हणत, हे तिकडे डॉक्टर होते. तो ‘होते’ मी कधी मानला नाही, आणि त्यांची कीवही स्वीकारली नाही. बेडकाचे हृदय पहिल्यांदा पाहताना मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिले आहे. महत्त्वाकांक्षा मलाही होती. ती इतरांच्या शिडीला टेकलेली नव्हती, म्हणून इतरांना दिसली नाही.

त्यागाची कथा अनंतानेच सुरू केली. पहिल्यांदा एका गणपतीत, आरतीनंतर, प्रसादाच्या वाट्या हातात असताना. भालचंद्राने मला घडवले आणि माझ्यासाठी स्वतः बाजूला झाला, असे तो म्हणाला. मी तिथल्या तिथे म्हणालो, “खोटं आहे.” सगळे कौतुकाने हसले, त्यांना तो विनय वाटला. विनयाचा आरोप माझ्यावर त्याआधी कोणी केला नव्हता. पुढे दरवर्षी कथेला पालवी फुटत गेली आणि दरवर्षी मी ती खोडत गेलो. आमची मैत्री या एका भांडणावर टिकली, असे म्हटले तरी चालेल. काही मित्र एकमेकांचे ऐकून टिकतात. आम्ही न ऐकून टिकलो.

गेल्या वर्षी, अशाच दिवसांत, त्याच्या मुलीचा फोन आला. केतकी इथेच जन्मली. मराठी सगळे कळते, उत्तर इंग्रजीत येते. पण त्या दिवशी ती प्रयत्न करून मराठीत बोलली. “भालूकाका, डॅडचा सत्कार आहे. तुम्ही स्टेजवर पाहिजे. प्लीज. इट मीन्स हीप्स टू हिम.” मी नाही म्हणालो. तिने पुन्हा केला, मी पुन्हा नाही म्हणालो. शाल पांघरून खोट्यावर शिक्का मारायला मी येणार नाही, असे सांगितले. मग निर्मला मागे लागली की फोनवर कसले भांडता, समोर जाऊन भांडा. तिने मार्गरेटच्या कुंपणाखालचे फिजोआ वेचून पिशवी भरली. मार्गरेट केव्हाच गेली. तिचे घर आता एका तरुण जोडप्याचे आहे, पण भगदाड त्यांनी बुजवलेले नाही.

पापाकुऱ्याला पोचलो. शैलावहिनीने दार उघडले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि निर्मलेला म्हणाली, “जरा आत ये ना, तुला एक दाखवायचंय.” दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आणि दार लागले.

शैलावहिनीच्या स्वयंपाकघराचे दार मी इतक्या वर्षांत लागलेले पाहिले नव्हते. मी बैठकीच्या खोलीत उभा राहिलो. असे दार मी हजारदा लावले आहे. बाहेरच्या बाजूने त्याचा आवाज मला ठाऊक होता. आतल्या बाजूला तो कसा ऐकू येतो ते त्या दिवशी कळले.

अनंत खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसला होता. वाळला होता, डोळ्यांत पिवळी झाक होती. केतकीच्या फोनवरच्या आवाजाने मला यातले काही कळू दिले नव्हते. भांडायला आणलेले सगळे जागच्या जागी राहिले.

“काय झालंय तुला?” मी विचारले.

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जुने हसू आले आणि त्याने विचारले, “बरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही. मला सांग.”

“तुला किती ठाऊक आहे?”

मी शिकवलेला क्रम. मी म्हणालो की काहीच ठाऊक नाही. तो म्हणाला, “भाल्या, बातमी चांगली नाही.” मग त्याने स्वादुपिंडाचे नाव घेतले आणि तो शब्द उच्चारला, एकदाच, स्पष्ट. आणि गप्प बसला. या वेळी पथ्य सांगितले नाही. बाहेर कोणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता; तो थांबला तरी अनंत बोलला नाही. मी बोलेपर्यंत थांबला.

“सगळ्यांना ठाऊक होतं?” मी विचारले.

“मीच सांगितलं होतं तुला कळू देऊ नका म्हणून.”

“मला का नाही?”

“त्या खोलीत जास्त आजारी कोण ते बघावं लागतं ना,” अनंत म्हणाला. “तुझंच म्हणणं आहे.”

त्याने मला माझ्याच वाक्यात पकडले. एवढे कबूल करतो. मी म्हणालो की ठीक आहे, पण ती त्यागाची कथा तरी आता बंद कर. मरताना माणसाने खरे बोलावे.

तो खिडकीतून बाहेर बघत बोलला. “ती तुझ्यासाठी नाहीच रे. माझ्याही खोलीत तो नवरा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघायचं असं घोकलं होतं, तसंच केलं, गुण मिळाले. मला ते पटलं होतं असं नाही. तू उठलास, मी बसून राहिलो. पुढं आयुष्यभर लोकांना नीट सांगत आलो, चांगलं सांगितलं. पण ते बसणं काही जात नाही. तू माझ्यासाठी उठलास असं म्हटलं की मला ते सोसतं.”

मला वाद घालता आला असता. बसून राहिलास म्हणून पापाकुऱ्यातल्या कितीतरी घरांना डॉक्टर मिळाला, असे म्हणता आले असते; ते खरेही आहे. एवढेच म्हणालो, “शाल लोकरीची असेल तर येईन. हॉलमध्ये गारठा असतो.”

आता सत्काराच्या दिवसाविषयी. अनंत चाकाच्या खुर्चीवरून बोलला आणि ती कथा त्याने आरंभापासून शेवटापर्यंत, पालवीसकट सांगितली. मी शेजारी होतो. मी खोडली नाही. समोर आजारी माणूस होता आणि त्याला काय सोसते ते मला ठाऊक होते. अशा वेळी डॉक्टरने काय करायचे याविषयी माझे मत कऱ्हाडला जे होते तेच इथे होते. त्याला कबुली म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की मी त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, पुन्हा एकदा डॉक्टर होतो. राहिले मान खाली घालण्याचे. व्यासपीठाची फळी पुढे उतरती होती आणि त्या खुर्चीचा ब्रेक सैल होता. चाक घसरू नये म्हणून मी ते बुटाने अडवून धरले होते आणि त्यावर डोळा ठेवून होतो. भाषण लांबले, पाय भरून आला. मान त्यासाठी खाली होती.

अनंत आता नाही. त्याला सोसावे म्हणून जी कथा मी त्या दिवशी खोडली नाही, तिची आता कोणालाही गरज नाही. हे लिहिण्याआधी मी शैलावहिनीला विचारले. ती म्हणाली, “लिहा, भाऊजी. त्यांना माहीत होतं तुम्ही लिहिणार.”

गेल्या आठवड्यात रक्ताचा निकाल घ्यायला दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर मुलगी पुण्याची निघाली, नुकतीच आलेली, परीक्षा काढून. माझे नाव वाचून ती मराठीवर आली आणि कागद चाळता चाळता, सवयीने, तिच्या तोंडून निघाले, “आजोबा, बरोबर कोण आलंय?”

मी म्हणालो, “बायको बाहेर बसली आहे. तिला आत बोलवा. आणि मग दोघांना एकदम सांगा.”

मी जन्मभर मांडले त्याच्याशी हे जुळत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. मार्गरेटला अर्धे देऊन टाकले आहे, हे मी आधीच सांगितले.

विशेष काही नव्हते. साखर वाढली होती. पण मुलीने पथ्य सांगितले, अनंतासारखेच, न विचारता: गोड बंद, आणि सध्या फिजोआचे दिवस आहेत, तर तेही बंद. निर्मलेदेखत सांगितले. दोन माणसांनी बातमी उचलली, त्यांपैकी एकीने ती मनावर घेतली आहे.

आज दुपारी ती झोपली आहे. कुंपणाच्या भगदाडापाशी गवतात फळे पडली आहेत, आपण होऊन, कोणी न तोडता. त्यागमूर्तीने ती तिथेच राहू दिली असती. मी वाकून, गुडघ्यांची परवानगी न घेता, ओंजळभर उचलली आहेत, आणि चमचा घेऊन मागच्या पायरीवर बसलो आहे.